ब्रिस्बेन ते बार्कली: गुरांच्या सपाट मुलखात कॅराव्हॅन नेताना

ऑस्ट्रेलियातले आपले लोक कॅराव्हॅन घेतात आणि समुद्रकिनारा धरतात. गोल्ड कोस्ट, नूसा, फार तर केर्न्स. पश्चिमेला आत जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "तिकडे बघायला आहे काय?" गवत आहे, गुरं आहेत, आभाळ आहे. एवढ्यावर ज्याचं भागत नाही त्याने खुशाल किनारा धरावा. पण ज्यांना जायचंय आणि "रस्ता तर सरळसोट आहे, त्यात शिकायचं काय" असं वाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. घाटात माणूस आपसूक सावध असतो. सपाटीवर तासाभरात डोळे उघडे ठेवून पेंगायला लागतो. गाडी चालवणं इथे सोपंच आहे. वजन किती न्यायचं, पाणी-डिझेल कुठे भरायचं आणि दिवसाकाठी कधी थांबायचं, यातच सगळी गोम आहे.

आम्ही टुवुंबाला राहतो. व्हॅन मी ओढते, स्वयंपाक नवरा बघतो आणि मिरजेहून सासूबाई आलेल्या असल्या तर त्या आम्हा दोघांवर लक्ष ठेवतात. व्हॅन अठरा फुटी, पुढे डिझेलची फोर-व्हील ड्राइव्ह. खाली जे सांगतेय ते एवढ्या लवाजम्याला लागू पडतं. बावीस फुटी, दोन टीव्हींचा बंगला ओढणाऱ्यांनी आपापलं गणित वाढवून घ्यावं.

वाट आणि हंगाम

ब्रिस्बेनकडून वॉरेगो हायवे: टुवुंबा, डॅल्बी, माइल्स, रोमा, मिचेल, मोर्वेन. मोर्वेनला लँड्सबरो हायवे लागतो आणि वाट वायव्येकडे वळते: ऑगाथेला, टॅम्बो, ब्लॅकऑल, बार्कल्डिन, लाँगरीच, विंटन, किनुना, मॅकिन्ले, क्लॉन्करी. तिथून माउंट आयसा आणि मग बार्कली हायवे. कॅमोवील सोडलं की 13 किलोमीटरवर नॉर्दर्न टेरिटरीची हद्द. पुढे बार्कली होमस्टेड हा रोडहाउस, म्हणजे पंप, खाणं आणि मुक्काम एकाच जागी, आणि शेवटी थ्री वेजचा तिठा. सगळा रस्ता डांबरी आहे, पहिल्यांदा जाणाऱ्याने तो सोडू नये.

जायचं मे ते ऑगस्टमध्ये. नोव्हेंबर ते मार्च उकाडा आणि पाऊस दोन्ही असतात, आणि पावसाची खरी भीती पुराची नाही, मातीची आहे. लाँगरीचपासून बार्कलीच्या पठारापर्यंत जी मिचेल गवताची माळरानं आहेत ती भेगाळणाऱ्या काळ्या मातीची. कृष्णाकाठच्या माणसाला ही माती वेगळी सांगायला नको. चार थेंब पडले की ती टायरला चिकटते, मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरेनासं होतं. डांबराशेजारची बाजूपट्टी कोरडी दिसते म्हणून व्हॅन खाली उतरवू नका, आधी उतरून पायाने दाबून बघा. बंद केलेल्या रस्त्यावर गाडी घातली तर दंड जबर आहे आणि ओढून काढायचा खर्च त्याहून जबर. क्वीन्सलँडच्या रस्त्यांची खबर 13 19 40 वर मिळते.

जून-जुलैत दिवसा छान ऊन पडतं, पण लाँगरीचला रात्री पारा चार-पाच अंशांपर्यंत सहज उतरतो, कधी त्याहून खाली. "आउटबॅक म्हणजे गरम" या समजुतीने पातळ पांघरुणं घेऊन येणारे लोक मी दरवर्षी कॅम्पमधल्या धुलाई मशीनच्या खोलीत ऊब घेताना बघते.

वजन

व्हॅनच्या पाटीवर टेअर आणि एटीएम असे दोन आकडे असतात. टेअर म्हणजे रिकाम्या व्हॅनचं वजन, एटीएम म्हणजे भरलेल्या व्हॅनची कायदेशीर कमाल मर्यादा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या हातातलं वजन. साधारण मध्यम व्हॅनमध्ये ते चारशे किलोच्या आसपास निघतं, आणि ऐकायला हे भरपूर वाटतं. आता हिशेब मांडा. पाण्याच्या दोन टाक्या भरल्या की दीडशे ते एकशे ऐंशी किलो गेले. नऊ किलोचे दोन गॅस सिलिंडर, डब्यांसकट पस्तीसच्या वर. विक्रेत्याने नंतर बसवून दिलेली बाहेरची कापडी कनात, जादा बॅटरी, सोलर पॅनल हे बहुतेकदा टेअरमध्ये धरलेलंच नसतं. मग खुर्च्या, टेबल, कपडे, भांडी. आपल्या घरात त्यात दहा किलो तांदूळ, पाच किलो कणीक, दोन कुकर आणि "असू दे, लागेल" म्हणून घेतलेला लोखंडी तवा.

भरलेली व्हॅन एकदा वजनकाट्यावर न्या. अंदाज करू नका. काट्यावर तीन आकडे घ्यायचे: गाडीचं, व्हॅनचं आणि टोबॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर व्हॅन अडकवतात त्यावर, येणारं. टोबॉलवर व्हॅनच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार असावा. फार कमी असला तर व्हॅन मागून शेपूट हलवायला लागते, फार जास्त असला तर गाडीचं नाक वर उठतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. गाडीची 3,500 किलो ओढायची क्षमता जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते. गाडी, व्हॅन, माणसं, सामान सगळं मिळून किती, हा जीसीएमचा आकडा पुस्तिकेत बारीक अक्षरांत असतो. तो शोधून काढा. जड वस्तू व्हॅनच्या चाकांवर आणि जमिनीलगत, हलक्या वर आणि टोकांना.

दोन टनांवरच्या व्हॅनला सगळ्या चाकांना ब्रेक लागतात आणि व्हॅन सुटलीच तर ब्रेक आपोआप लावणारी ब्रेकअवे यंत्रणाही. गाडीत ड्रायव्हरच्या हाताशी जो ब्रेक कंट्रोलर असतो त्याचं हाताने दाबायचं बटण कुठे आहे ते अंधारातही सापडायला हवं. व्हॅन डोलायला लागली तर गाडीचा ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंगने सावरायला जायचं नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा आणि त्या बटणाने फक्त व्हॅनचे ब्रेक लावायचे. हे निघण्याआधी रिकाम्या रस्त्यावर दोन-चारदा हळू वेगात करून बघा, म्हणजे बोट आपोआप तिथे जाईल.

रिव्हर्स

याची धास्ती सगळ्यांना. बाहेर गावं आहेत, मोकळी मैदानं आहेत, आणि बहुतेक कॅराव्हॅन पार्कांत सरळ आत जाऊन सरळ बाहेर पडता येईल अशा जागा असतात. फोन करून तशी मागून घ्या. तरी एखाद्या ठिकाणी मागे घ्यावीच लागते. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा. व्हॅनचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा, हात त्याच बाजूला सरकवायचा. थोडंसंच, आणि लगेच सरळ. जागा नेहमी ड्रायव्हरच्या खिडकीकडून घ्या, म्हणजे व्हॅनचा मागचा कोपरा तुम्हाला दिसतो.

मागे उभा राहून सांगणाऱ्याने "डावीकडे, डावीकडे" म्हणायचं नाही. कुणाचं डावं, यावरून चांगल्या चालत्या संसारात खडे पडतात. आमच्याकडे एक बाजू "झाड", एक बाजू "नळ" अशी त्या-त्या जागेपुरती नावं ठरतात, आणि तिसरा शब्द फक्त "थांब". वॉकी-टॉकीवर बोलायचं, हातवारे नाहीत. आणि हे चालू असताना आजूबाजूचे पेन्शनर खुर्च्या वळवून बघत बसणार. त्यांची करमणूक आहे ती, होऊ द्यावी.

दिवस कसा बेतायचा

दिवसाला 300 ते 350 किलोमीटर, त्याच्या पुढे नाही. आणि दुपारी तीनच्या आत मुक्काम. याला दोन कारणं आहेत. पश्चिमेला जाताना तीननंतर सूर्य थेट काचेवर येतो, आणि सपाटीवर त्याला आडवं यायला ना डोंगर ना झाड. दुसरं म्हणजे कांगारू. संध्याकाळी आणि पहाटे ते रस्त्याकडेच्या गवताला येतात. परतताना हेच उलट: पूर्वेला तोंड, म्हणून सकाळी सूर्य हातभर वर आला की मगच निघायचं. रात्री चालवायचं नाही. काळी गाय काळ्या डांबरावर बसलेली असते, दिवसाची ऊब धरून, आणि ती दिव्यात दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

वेग 90 ते 95. टेरिटरीत पाटी 130 ची दिसेल, ती तुमच्यासाठी नाही. 90 च्या वर डिझेल कसं उडतं ते एका टाकीत कळेल. त्यात वाऱ्याचा हिशेब धरा. कोरड्या हंगामात इथे वारा बहुतेक आग्नेयेकडून वाहतो. जाताना तो पाठीशी असतो, आणि लोक खूश होऊन येतानाचाही खर्च तेवढाच धरतात. येताना तोच छातीवर. जाताना शंभर किलोमीटरला पंधरा-सोळा लिटर लागलं तर येताना वीस धरून चाला. कॅमोवील ते बार्कली होमस्टेड सुमारे 260 किलोमीटर, मध्ये काही नाही. विंटन ते क्लॉन्करी साडेतीनशेच्या आसपास, मध्ये किनुना आणि मॅकिन्ले ही टीचभर गावं. नियम साधा: अर्धी टाकी झाली आणि पंप दिसला की भरायचं. भाव पुढच्या गावात कमी असेल ही आशा सोडा, पश्चिमेला भाव चढतच जातो. आणि भरताना व्हॅनचा फ्रिज गॅसवर चालू असेल तर आधी बंद करा, आत ज्योत असते.

दर दोन तासांनी थांबायचं, लघवी लागलेली असो नसो. उतरलं की व्हॅनच्या चाकांच्या मध्यभागी हात लावून बघायचा: चारांपैकी एकच जास्त तापलेलं असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय. मग चेन, प्लग, जॉकी व्हील (व्हॅनच्या पुढचं आधाराचं छोटं चाक) आणि छताची खिडकी बघायची. हे आमच्याकडे सासूबाईंचं काम. त्या काठीने दाखवत जातात आणि मी "हो" म्हणत जाते.

रोडट्रेन

पश्चिमेकडच्या रस्त्यांवर 53.5 मीटरपर्यंत लांबीच्या रोडट्रेन चालतात. एक ट्रक, मागे तीन ट्रेलर, गुरांच्या असतील तर दोन मजली. यांच्याशी दोस्ती ठेवायची असेल तर यूएचएफ रेडिओ, म्हणजे गाड्यांनी आपसांत बोलायचा वायरलेस, बसवून घ्या. हायवेवर चॅनेल 40 लावलेला असतो, कॅराव्हॅनवाले आपसांत 18 वर बोलतात, 5 आणि 35 फक्त संकटासाठी. व्हॅनच्या मागच्या बाजूला "यूएचएफ 40" असं लिहून ठेवा, म्हणजे ट्रकवाल्याला कळतं की यांच्याशी बोलता येईल.

प्रत्यक्षात असं होतं. आरशात एक ठिपका दिसतो, पाच मिनिटांनी तो रोडट्रेन होतो. रेडिओवर आवाज येतो, "यू गॉट अ कॉपी इन द व्हाइट व्हॅन?", म्हणजे ऐकू येतंय का. मी म्हणते, "यप, गॉट यू. सिटिंग ऑन नाइन्टी." तो म्हणतो येतोय, मी म्हणते पुढे मोकळं आहे. आता करायचं काय, तर काहीच नाही. वेग तोच, लेन तीच. सौजन्य म्हणून डाव्या बाजूच्या खडीवर उतरायचं नाही. खडी उडाली तर त्याचीच काच फुटते. तो पूर्ण उजव्या लेनमध्ये आला की मग पाय थोडा उचलायचा, म्हणजे त्याला लवकर पुढे जाता येतं. त्याचा पहिला ट्रेलर तुमच्या बरोबरीला आला की हवा व्हॅनला आधी बाहेर ढकलते, मग आत ओढते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, बस. शेवटचा ट्रेलर पुढे गेला की एकदा दिवे लुकलुकवायचे, "ये आत". तो मागचे दिवे लावून आभार मानतो.

गुरांची रोडट्रेन असेल तर खिडक्या आणि हवा आत घेणारा पंखा आधी बंद करा. वरच्या मजल्यावरून जे उडतं ते हिरवट आणि पातळ असतं, आणि वायपर लावला की काचभर पसरतं. पाण्याचा फवारा आधी, वायपर नंतर. समोरून येत असली तरी हेच.

तिला ओव्हरटेक करायचा विचार तुमच्या मनात आला तर चहाला थांबा. दीड-दोन किलोमीटर मोकळा रस्ता लागतो, आणि तिचा वेग बहुधा तुमच्याहून जास्तच असतो. गाडी आणि व्हॅन मिळून साडेसात मीटरच्या वर गेली की ती कायद्याने लांब वाहन धरली जाते. रोडट्रेनच्या पट्ट्यात दुसऱ्या लांब वाहनामागे 200 मीटर अंतर ठेवावं लागतं. चार व्हॅन्सचा ताफा करून जाणाऱ्या मित्रमंडळींना हे माहीत नसतं. ते एकमेकांना चिकटून चालतात आणि मागचे ट्रकवाले रेडिओवर त्यांचा उद्धार करतात.

मुख्य रस्ता सोडून बार्कली होमस्टेडवरून उत्तरेला टेबललँड्स हायवेवर गेलात, तर तिथे डांबर एकाच गाडीपुरतं आहे. समोरून रोडट्रेन आली की आपण वेग कमी करून पूर्ण खाली उतरायचं आणि उभं राहायचं. अर्धी चाकं वर, अर्धी खाली असं नाही. केप क्रॉफर्डपर्यंत पावणेचारशे किलोमीटरवर पंप नाही. हे दुसऱ्या खेपेसाठी ठेवा.

गुरं

इथल्या कुरणांचा आवाका आधी डोक्यात बसत नाही. बार्कलीवरचं अलेक्झांड्रिया स्टेशन (इथे गुरांच्या कुरणाला स्टेशन म्हणतात) सुमारे 16,000 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आख्ख्या पुणे जिल्ह्याहून थोडं जास्तच. त्यामुळे कुंपण सगळीकडे नसतं, आणि जिथे नाही तिथे गुरं रस्ता आपला समजतात.

वशिंडवाली, लोंबत्या कानांची, राखाडी किंवा तांबूस गुरं दिसली की ती ब्राह्मन. 1933 साली ही जात अमेरिकेतून क्वीन्सलँडला आणली. अमेरिकेत ती तयार झाली गीर, कांक्रेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाखोरी बैलांच्या रक्तातून. ऊन आणि गोचीड दोन्ही सोसते म्हणून उत्तरेत तिचंच राज्य. सासूबाई पहिल्यांदा बघून म्हणाल्या, "आता हे आपलंच जनावर, आणि आपल्याला बघून पळतंय." माणूस ती वर्षातून एक-दोनदाच बघतात, त्यामुळे गावच्या म्हशीसारखी हॉर्नला सरावलेली नसतात. हॉर्न वाजवला तर कुठेही उधळतील. वेग चालण्याइतका करायचा आणि बाजूने सरकत राहायचं. रस्त्याच्या एका बाजूला गाय आणि दुसऱ्या बाजूला वासरू दिसलं तर ती रस्ता ओलांडणारच, हे धरून आधीच थांबा.

दुष्काळात हायवेच्या कडेच्या चराऊ वाटांवरून शेकडो गुरांचे कळप चालवत नेतात. आधी पाटी दिसते, मग घोड्यावरचा किंवा मोटारसायकलवरचा माणूस. तो हाताने सांगेल तसं करायचं. आमच्यापुढे असा कळप आला तेव्हा इंजिन चालू ठेवून मी उभी राहिले आणि अर्धा तास गुरं दोन्ही बाजूंनी वाहत होती. ओल्या नाकाचे ठसे दारावर उमटले, एकाने आरसा चाटून वाकडा केला. आरसा हाताने सरळ होतो. गाडी रेटली असती तर व्हॅनचा पत्रा सरळ झाला नसता.

मेलेल्या कांगारूवर मोठे गरुड बसलेले असतात. कावळे चटकन उडतात, पण पाचर शेपटीचा गरुड जड असतो. त्याला उडायला वेळ लागतो आणि तो काचेच्या उंचीवरूनच जातो. लांबूनच वेग कमी करा.

पाणी पाजायच्या हौदाजवळ किंवा बोअरजवळ मुक्काम करू नका. माणसं दिसली की गुरं तहानलेली राहतात, पण जवळ येत नाहीत. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवायचं. रस्त्यातल्या लोखंडी दांड्यांच्या ग्रिडवरून व्हॅन सावकाश न्या, नाहीतर आतल्या कपाटातली डाळ आणि साखर एकत्र निवडायला बसावं लागतं.

रोमाला मंगळवारी पोहोचाल असं बघा. तिथला गुरांचा बाजार ऑस्ट्रेलियातला सगळ्यात मोठा, आणि वरच्या पुलावरून फिरत लिलाव बघता येतो. भाव किलोला इतके सेंट असा, तोंडाने ओरडत, सेकंदात. सांगोल्याच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून सौदे झालेले बघितलेल्या सासूबाईंना हे फार उघडंवाघडं वाटलं. "सगळ्यांदेखत भाव? मग व्यापाऱ्याने करायचं काय?"

बाभूळ आणि टायर

विंटनच्या आसपास माळावर काटेरी झाडांची दाटी दिसायला लागते. सासूबाईंनी शेंग तोडून मोडली आणि म्हणाल्या, "अगं, ही आपली बाभळ की गं!" खरंच बाभूळ. 1890 च्या दशकात सावलीला आणि चाऱ्याला म्हणून इथे आणलेली. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी पसरलं, आणि आता लाखो हेक्टर गवताळ जमीन तिने बळकावली आहे. सरकारने देशातल्या सर्वांत घातक तणांच्या यादीत टाकलंय. सावली बघून तिच्याखाली व्हॅन लावायचा मोह होतो. काटा टायरच्या कडेत घुसतो आणि कडेचं पंक्चर कुणी काढून देत नाही. व्हॅनला दोन जादा टायर असावेत. हवेचा दाब रोज सकाळी, गाडी थंड असताना तपासायचा.

पाणी आणि स्वयंपाक

मिचेल, ब्लॅकऑल, बार्कल्डिन, विंटन या गावांना पाणी मिळतं ते ग्रेट आर्टेशियन बेसिनमधून. 17 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला जमिनीखालचा साठा, महाराष्ट्राच्या पाचपटीहून जास्त. ब्लॅकऑलला तर बोअरमधून 58 अंशांचं पाणी वर येतं. नळाला किंचित अंड्यासारखा वास येतो. तासभर उघडं ठेवलं की उडून जातो. अंघोळीला त्याच्यासारखं सुख नाही. मिचेलच्या गरम हौदात सांधे दुखणाऱ्या ज्येष्ठांना आधी सोडायचं आणि मग आपण डिझेल भरायला जायचं.

प्यायचं पाणी मात्र वीस लिटरच्या वेगळ्या कॅनमध्ये घरून न्या, माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरून, आणि किमान तीन दिवसांचा साठा कायम शिल्लक ठेवा. कॅमोवीलच्या पुढे जमिनीखाली चुनखडी आणि डोलोमाइट आहे, पाणी जड होतं. त्यात तुरीची डाळ चार शिट्ट्यांनंतरही दाणा धरून बसते. तिथे मूग किंवा मसूर लावावी, किंवा कॅनमधलं पाणी वापरावं.

व्हॅनमध्ये फोडणी करू नका. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म सुरू होतो, आणि हिंगाचा वास गादीत मुरतो तो डिसेंबरपर्यंत. नवरा बाहेरच्या एका शेगडीवर सगळं करतो: कढल्यात तेल, वर जाळीचं झाकण, वाऱ्याकडे पाठ. आगीची बंदी जाहीर झाली असेल त्या दिवशी बाहेरच्या शेगडीचे नियम पार्कात विचारून घ्या. निघताना दोन दिवसांच्या दशम्या, भाजणी, मेतकूट, भाजके पोहे, कोकमं आणि भरपूर दाण्याचं कूट. ताजी भाजी लाँगरीच आणि माउंट आयसाला चांगली मिळते, मधल्या गावांत कांदा, बटाटा, कोबी. हिरवी मिरची दिसली तर भाव न बघता उचला. शाकाहाऱ्यांसाठी पबमध्ये चिप्स आणि कोशिंबीर एवढंच धरून चला, आणि स्वयंपाकघर आठला बंद होतं.

मुक्काम, फोन

माझी पसंती छोट्या गावांच्या शोग्राउंडला, म्हणजे गावच्या जत्रा-प्रदर्शनाच्या मैदानाला. थोड्या डॉलरांत वीज, पाणी, आणि रात्री गप्पांना माणसं. क्वीन्सलँडच्या हायवेकडेच्या विश्रांतीस्थळांवर बहुतेक ठिकाणी 20 तासांपर्यंत राहता येतं, पाटी वाचा. संडासाची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी टाकी, फक्त त्यासाठी केलेल्या डम्प पॉइंटवर रिकामी करायची. झुडपामागे ओतणाऱ्यांमुळेच एकेक फुकट जागा बंद होत चालल्या आहेत.

गावाबाहेर दहा-वीस किलोमीटर गेलात की मोबाइलची रेंज संपते, मग कुठलाही प्लॅन असो. नकाशे आधीच उतरवून घ्या, आणि उपग्रहाला संदेश देणारा पीएलबी बीकन जवळ ठेवा. अनेक ठिकाणी तो भाड्याने मिळतो. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचं नाही. व्हॅनमध्ये पाणी आहे, सावली आहे, आणि या रस्त्यावर कुणीतरी थांबतंच. टेरिटरीत शिरलात की घड्याळ अर्धा तास मागे घ्या, नाहीतर पबच्या बंद दारासमोर लवकर जाऊन उभे राहाल.

परतताना

सीड मेश, म्हणजे रेडिएटरपुढची बारीक जाळी, जाताना लावली असेल तर ती रोज झटका. मिचेल गवताचं बी तिथे गच्च बसतं आणि इंजिन तापतं. गाडीच्या पोटाखाली सायलेन्सरजवळ अडकलेलं गवत काठीने काढा, ते पेट घेतं.

आणि घरी पोहोचण्याआधी गाडी-व्हॅन खालून धुवून घ्या. बऱ्याच गावांत त्यासाठी धुवायचे धक्के केलेले आहेत. मध्य क्वीन्सलँडमध्ये गाजर गवत आहे, तेच, पन्नासच्या दशकात पुण्यात दिसलेलं आणि नंतर आपल्या प्रत्येक बांधावर उगवलेलं. त्याचं बी चिखलातून प्रवास करतं. चाकांच्या कमानी, मडफ्लॅप, पायरीची खालची बाजू आणि जादा टायरची पोकळी, या चार जागी पाण्याचा झोत जास्त वेळ धरा. बुटांचे तळवेसुद्धा.